उंबराचं पाणी आणि दोन हिस्लॉप

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. आमच्या लॅबमधल्या मैत्रिणीने सुट्टीचा अर्ज भरला, सही केली, आणि तो कागद सेंट्रिफ्यूजच्या शेजारी दोन दिवस तसाच पडून राहिला. ती मुंबईतल्या एका गावठाणातली, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. जानेवारीत तिच्या मावसभावाचं लग्न होतं. सावंगीहून मुंबईचं तिकीट काढायचं म्हणजे वेळेत काढावं लागतं, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "जाऊ की नको तेच कळत नाहीये."

कारण होतं उंबराचं पाणी. ईस्ट इंडियन लग्नात आदल्या दिवशी घरातली मंडळी बँड लावून, वाजतगाजत विहिरीवर जातात आणि पाणी भरून आणतात. त्या पाण्याने नवऱ्या मुलाला किंवा मुलीला आंघोळ घालतात. तिच्या आजीचा हा सगळ्यात आवडता कार्यक्रम. या वेळी मामांनी सांगून टाकलं होतं की पाणी आणलं तर मी लग्नाला येणार नाही. मामा वर्षभरापासून एका प्रार्थना-गटात जातात. तिथे त्यांना कोणीतरी पटवलं की ही रूढी मूर्तिपूजकांची आहे, ख्रिस्ती माणसाने करू नये. सोबत एक लांबलचक फॉरवर्ड: नाताळ सूर्यदेवाचा, ईस्टर इश्तार देवीचा, ख्रिसमस ट्री अमक्याचा. आजीचं म्हणणं, पाणी नाही तर मीही नाही.

हे कमी होतं म्हणून की काय, फाट्यावर चहा पिताना तिने तो फॉरवर्ड वाचून दाखवला तेव्हा आमचे एक सीनियर हसत म्हणाले, "बघ, शेवटी तुमचं सगळं आमचंच निघालं." ती पण हसली. रात्री हॉस्टेलवर मात्र गप्प होती. मग म्हणाली, "अगं, तू सहा महिने लिटरेचर रिव्ह्यूच लिहितेयस ना? मग हे एकदा नीट बघून दे. हे खरं आहे का, आणि खरं असलं तर काय?"

तिने नकळत दोन प्रश्न वेगळे केले होते. हे वेगळे करणं रिसर्चमध्ये शिकायला मला दोन वर्षं लागली. मामा आणि सीनियर परस्परविरुद्ध टोकाला उभे होते, पण दोघांचं गृहीतक एकच होतं: गोष्ट जिथून आली, तिथलीच ती कायम असते. या गृहीतकाकडे मी नंतर येते. आधी "खरं आहे का" हे बघू. पीएचडीची तयारी करणाऱ्यांना यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

फॉरवर्डमधलं एक वाक्य असं होतं की येशूची जन्मकथा कृष्णावरून घेतली, कारण कृष्णही कुमारी मातेच्या पोटी २५ डिसेंबरला जन्मला. हे वाक्य इंग्रजी जगात दीडशे वर्षांपासून फिरतंय. अमेरिकेतल्या कर्सी ग्रेव्हज यांच्या १८७५ च्या पुस्तकात अशा साम्यांची यादीच आहे, आणि २००७ च्या 'झाइटगाइस्ट' या फिल्मने तशाच याद्या इंटरनेटवर पुन्हा पसरवल्या. पण मराठी घरातल्या कुठल्याही पोराला विचारा. कृष्ण देवकीचा आठवा मुलगा, आणि जन्म श्रावण वद्य अष्टमीचा. आधीची सात मुलं झालेली आई कुमारी कशी, आणि दहीहंडी डिसेंबरात कशी? यादीतला एक दावा आपल्याला घरबसल्या तपासता येतो आणि तो साफ पडतो. म्हणून बाकीचे सगळे आपोआप खोटे ठरत नाहीत, पण यादी बनवणाऱ्याने मूळ ग्रंथ उघडला नव्हता एवढं नक्की कळतं. तुमच्या विषयातला कुठलाही रिव्ह्यू पेपर वाचताना आधी तो भाग तपासा जो तुम्हाला स्वतःला पक्का माहीत आहे. तिथे लेखक घसरला असेल तर बाकीच्या ठिकाणी सावध व्हा.

ईस्टर आणि इश्तारचं काय? हा दावा फक्त उच्चारावर उभा आहे. 'ईस्टर' हा शब्द इंग्रजीतला, आणि त्याचा भाऊ जर्मनमधला 'ओस्टर्न'. पण ग्रीक, लॅटिन आणि युरोपातल्या बहुतेक भाषांत सणाचं नाव 'पास्खा'वरून येतं, म्हणजे ज्यूंच्या 'पेसाख' या वल्हांडण सणावरून. गोव्यात कोंकणीत 'पास्कांचें फेस्त' म्हणतात. सण इंग्लंडमध्ये पोचण्याच्या कित्येक शतकं आधीपासून साजरा होत होता, त्यामुळे एका भाषेतल्या नावावरून सणाचा उगम ठरत नाही. बरं, इंग्रजी नावही बॅबिलोनच्या इश्तारवरून आलेलं नाही. बीड नावाच्या इंग्लिश मठवासी विद्वानाने इ. स. ७२५ च्या सुमारास लिहिलं की तिथल्या लोकांच्या एका महिन्याचं नाव 'एओस्त्रे' देवीवरून पडलं होतं. त्या देवीविषयी जुना लेखी आधार म्हणजे हा बीडचा उल्लेख, बस. म्हणजे फार तर एका महिन्याचं नाव सणाला चिकटलं. आपण गुरुवारी उपास करतो म्हणून तो गुरू ग्रहाची पूजा होत नाही, तसंच काहीसं.

२५ डिसेंबरची गोष्ट मात्र खरोखर गुंतागुंतीची आहे, आणि मला ती आवडली. सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४ मध्ये रोममध्ये 'अजिंक्य सूर्य' या देवाचं मंदिर स्थापलं. इ. स. ३५४ चं एक रोमन पंचांगवजा हस्तलिखित आहे. त्यात २५ डिसेंबरला 'नातालिस इन्विक्ती', म्हणजे अजिंक्याचा जन्मदिवस, अशी नोंद आहे, आणि त्याच संग्रहातल्या दुसऱ्या यादीत त्याच तारखेला ख्रिस्ताचा जन्म. (आपला 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'मधून आला, आणि तो याच लॅटिन 'नातालिस'मधून. म्हणजे शब्द तर दोघांचा सामायिकच.) यावरून एक गट म्हणतो की चर्चने सूर्याचा दिवस उचलला. दुसरा गट म्हणतो की ख्रिस्ती लोकांनी तारीख हिशोबाने काढली. येशू वधस्तंभावर गेला तो दिवस २५ मार्च मानला जायचा, आणि ज्या तारखेला मृत्यू त्याच तारखेला गर्भधारणा अशी समजूत होती. २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवा, २५ डिसेंबर येतो. संत ऑगस्टिनने हा हिशोब नोंदवलेला आहे. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ६ एप्रिल धरत, तिथे जन्माचा दिवस ६ जानेवारी. हे दुसरं उदाहरणही त्याच सूत्रात बसतं, म्हणून मला हा गट जरा मजबूत वाटतो. पण वाद मिटलेला नाही, आणि दोन्ही गटांत जाणते अभ्यासक आहेत. फॉरवर्डमध्ये मात्र "सिद्ध झालं आहे" असं लिहिलं होतं.

मग मी त्या फॉरवर्डचा उगम शोधायला लागले. वाक्यं इंग्रजीतून उचललेली दिसत होती. मागे मागे जात मी अलेक्झांडर हिस्लॉप या नावापर्यंत पोचले, आणि तिथे थबकले. हिस्लॉप? नागपूरचं हिस्लॉप कॉलेज?

हो, तेच घराणं. अलेक्झांडर हिस्लॉप (१८०७–१८६५) हा स्कॉटलंडमध्ये आर्ब्रोथ गावी फ्री चर्चचा पाळक. त्याने १८५३ मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि १८५८ मध्ये वाढवून तिचं मोठं पुस्तक केलं, 'द टू बॅबिलोन्स'. त्याचं प्रतिपादन असं की रोमन कॅथलिकांचे सण, चिन्हं, वेश सगळं प्राचीन बॅबिलोनच्या निम्रोद-सेमिरामिस पूजेतून आलेलं आहे. ईस्टर-इश्तारसारख्या जोड्या लोकप्रिय करण्यात या पुस्तकाचा मोठा हात आहे. त्याचा धाकटा भाऊ स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) त्याच फ्री चर्चचा मिशनरी म्हणून १८४५ मध्ये नागपूरला आला, १८४६ मध्ये त्याने शाळा काढली, आणि नागपूरचं कॉलेज १८८३ मध्ये त्याच्या नावाने सुरू झालं.

स्टीफनला दगडांचा नाद होता. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत त्याने नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म तपासले आणि १८५०च्या दशकात लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात ते मांडलं. चंद्रपूरकडच्या मांगलीहून मिळालेले जीवाश्मही त्यात होते. म्हणजे एक भाऊ आर्ब्रोथमध्ये बसून नावांच्या उच्चारसाम्यावरून वंशावळ जोडत होता, आणि त्याच वर्षांत दुसरा भाऊ नागपूरच्या उन्हात खडकाचा थर कुठल्या थरावर आहे हे मोजत होता. प्रश्न दोघांचा एकच होता: कशातून काय आलं? पद्धती मात्र दोन. स्टीफनच्या पद्धतीत दोन शंख सारखे दिसले म्हणून भागत नाही. ते कुठल्या थरात मिळाले, वर काय, खाली काय, सोबत काय, हे सांगावं लागतं.

४ सप्टेंबर १८६३ ला बुटीबोरीजवळ टाकळघाटची दगडी वर्तुळं बघून परतताना स्टीफन पुराच्या नाल्यात बुडून गेला. वर्ध्याहून नागपूरला जाताना बस याच भागातून जाते. मी शंभरदा गेले असेन, मला माहीत नव्हतं. त्या वर्तुळांना त्या काळी 'सिथियन' म्हणत, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या लोकांची. पुढे शंभरेक वर्षांनी नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा इथे रीतसर उत्खनन केलं, आणि ती लोहयुगीन महापाषाण संस्कृतीची म्हणून प्रस्थापित झाली. नुसत्या दिसण्यावरून चिकटवलेलं लेबल उत्खननाने बदललं.

थोरल्या हिस्लॉपच्या पुस्तकाचंही उत्खनन झालं, आणि ते एका चाहत्याने केलं. अमेरिकेतल्या राल्फ वुड्रो या धर्मोपदेशकाने हिस्लॉपच्या आधाराने १९६६ मध्ये 'बॅबिलोन मिस्टरी रिलिजन' हे पुस्तक लिहिलं. ते भरपूर खपलं. नंतर एका इतिहासशिक्षकाने शंका काढली म्हणून वुड्रो हिस्लॉपच्या तळटीपांमधले मूळ ग्रंथ शोधून वाचायला लागला. कितीतरी ठिकाणी मूळ ग्रंथात ती गोष्टच नव्हती, किंवा संबंध नसलेल्या दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. त्याने स्वतःचं चालतं पुस्तक बाजारातून काढून घेतलं आणि १९९७ मध्ये 'द बॅबिलोन कनेक्शन?' हे दुसरं पुस्तक लिहून पहिल्याचं खंडन केलं. रिसर्च एथिक्सच्या कोर्समध्ये आपल्याला रिट्रॅक्शनची उदाहरणं शिकवतात. त्यातली निम्मी पकडल्या गेलेल्यांची असतात. हा माणूस कोणी पकडलेला नव्हता. तो फक्त तळटीपा वाचायला गेला.

साम्य कधी नातं ठरतं, हा माझ्या स्वतःच्या विषयातला प्रश्न आहे. मी सिकल सेलवर काम करते. विदर्भात हा आजार किती आहे हे इथल्या ओपीडीत बसलेल्या कोणालाही सांगायला नको. बीटा ग्लोबिन जीनमधला एकच बदल, जो आफ्रिकेतही सापडतो आणि गडचिरोलीतही. मग हा एकाच पूर्वजापासून आला की वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा उद्भवला? नुसता बदल बघून उत्तर मिळत नाही, कारण तो दोन्हीकडे हुबेहूब सारखा आहे. म्हणून त्याच्या आजूबाजूचा डीएनए बघतात, ज्याला हॅप्लोटाइप म्हणतात. आजूबाजूचा पट्टा वेगळा दिसला म्हणून बराच काळ मानलं गेलं की उगम अनेक आहेत: सेनेगल, बेनिन, बांटू, कॅमेरून आणि आपला अरब-इंडियन. मग २०१८ मध्ये श्रायनर आणि रोतिमी यांनी पूर्ण जीनोमची माहिती वापरून दाखवलं की उगम एकच असावा, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचा. म्हणजे इतक्या मोजता येणाऱ्या गोष्टीतसुद्धा उत्तर उलटलं.

हाच निकष मैत्रिणीच्या घरच्या रूढींना लावला तेव्हा उत्तर मामांच्या बाजूने गेलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ईस्टर-इश्तारमध्ये फक्त उच्चार जुळतो. आजूबाजूचं काहीच जुळत नाही. पण ईस्ट इंडियन लोकांचा आगेरा घ्या. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद घेतात. गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त होतं, आणि गोव्यातलेच हिंदू चतुर्थीच्या दिवसांत 'नवें' म्हणून नव्या कणसांची पूजा करतात. इथे भात तोच, हंगाम तोच, शेत तेच, आणि माणसंही तीच, धर्म बदलण्याआधीची आणि नंतरची. उंबराचंही तसंच. हिंदू लग्नात देवकाच्या पंचपालवीत उंबराची डहाळी असते. शेजारपाजारचा सगळा पट्टा जुळतोय. ही रूढी पोर्तुगालहून आलेली नाही. ती इथली, ख्रिस्ती होण्याआधीची आहे, असंच मला वाटतं.

म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला तर हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही शिरगावच्या लईराईची बहीण मानतात. तिथे नातं कोणी लपवतसुद्धा नाही.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मोठमोठे जागतिक दावे बरेचसे कच्चे, घरातला छोटा दावा पक्का. मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. "म्हणजे मामा बरोबर." मी म्हटलं, थांब, अर्धंच झालंय.

एखाद्या गोष्टीच्या उगमावरून तिची किंमत ठरवणं याला तर्कशास्त्रात जेनेटिक फॅलसी म्हणतात. (जीनशी संबंध नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं आमच्याच डिपार्टमेंटचं काहीतरी आहे.) विज्ञानात याची उदाहरणं ढिगाने आहेत. हेन्निग ब्रांड या जर्मन माणसाने १६६९ मध्ये फॉस्फरस शोधला, तो लघवी आटवून सोनं बनवायच्या नादात. किमयागाराच्या लोभातून आला म्हणून फॉस्फरस खोटा पडत नाही. केकुलेने १८९० मध्ये सांगितलं की बेंझीनचं वलय त्याला डुलकीत, स्वतःची शेपूट तोंडात धरलेल्या सापाच्या रूपात सुचलं. व्हायव्हात "मला स्वप्न पडलं" असं सांगून चालणार नाही, पण स्वप्न पडलं म्हणून वलय मोडतही नाही. हान्स रायशेनबाख याने १९३८ मध्ये हा फरक नीट मांडला: कल्पना सुचण्याचा संदर्भ वेगळा, ती सिद्ध करण्याचा वेगळा.

इथे बरेच लेख थांबतात. उगमाने काही फरक पडत नाही, विषय संपला. मला ते पटत नाही, दोन कारणांनी.

पहिलं कारण. काही दाव्यांत उगम हाच पुरावा असतो. समजा मी थीसिसमध्ये लिहिलं की अमुक पेशंटचं हिमोग्लोबिन ८ होतं, आणि नंतर निघालं की तो आकडा मी दुसऱ्याच्या पेपरमधून उचललाय. पेशंटचं हिमोग्लोबिन तरीही ८ असू शकेल, पण माझ्या आकड्यावर विश्वास ठेवायचं कारण गेलं. ख्रिस्ती धर्माच्या मध्यभागी असा एक दावा आहे: येशू मरणातून उठला आणि काही लोकांनी त्याला पाहिलं. हा साक्षीचा दावा आहे. ती साक्ष ओसायरिससारख्या एखाद्या देवाच्या गोष्टीवरून उचललेली आहे असं दाखवता आलं, तर त्याने नक्कीच फरक पडेल. म्हणूनच फ्रेझरच्या 'द गोल्डन बाउ'नंतर "मरून उठणारे देव" यावर इतका वाद झाला, आणि पुढे जोनाथन झेड. स्मिथसारख्या, चर्चची बाजू घेण्याचं काही कारण नसलेल्या अभ्यासकानेही तो वर्ग बराचसा कृत्रिम आहे असं लिहिलं. ओसायरिस मृतांच्या जगाचा राजा होतो, परत घरी येत नाही. पुनरुत्थानाची भाषा त्या काळच्या ज्यू विचारात आधीच होती. तेव्हा उगमाचा हल्ला इथे लागू पडण्यासारखा आहे, पण तो नेम साधत नाही. म्हणून दावा खरा ठरतो का? नाही. तो प्रश्न पुन्हा वेगळाच, आणि तो पिपेटने सुटणारा नाही.

रूढी मात्र दावा करत नसते. पाणी आणणं खरं की खोटं असं काही नसतं. रूढीला विचारायचं ते एवढंच: आता ती करणारा माणूस काय करतोय? हा प्रश्न चर्चच्या इतिहासात पुन्हा पुन्हा आला आणि उत्तर दर वेळी वेगळं आलं. इ. स. ६०१ मध्ये पोप पहिले ग्रेगरी यांनी इंग्लंडच्या मोहिमेला कळवलं की मूर्ती काढा, पण देवळं पाडू नका, ती शुद्ध करून वापरा. मदुराईत रॉबर्टो दे नोबिली या जेझुइटाने ब्राह्मण ख्रिस्तींना जानवं आणि शेंडी ठेवू दिली. ही सामाजिक खूण आहे, पूजा नाही, असं त्याचं म्हणणं. १६१९ मध्ये गोव्यात त्यावर मोठी चर्चा बसली, आर्चबिशप विरोधात होते. शेवटी १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्याला परवानगी दिली. आणि याच काळात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. स्वर्गाला त्याने 'वैकुंठ' म्हटलं. शब्द विष्णूच्या घराचा, अर्थ त्याने स्वतःचा भरला.

उलट टोक म्हणजे एप्रिल १७३६ चा गोव्याच्या इन्क्विझिशनचा फतवा. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ च्या इंग्रजी पुस्तकात तो वाचायला मिळतो. लग्नात पानसुपारी नको, ओव्या नकोत, हळद-दूध-नारळाचं तेल अंगाला लावणं नको, दारात तुळस नको, बायकांनी चोळी आणि पुरुषांनी पुडवें घालायचं नाही. मामांच्या फॉरवर्डपेक्षा फार वेगळं नाही, फक्त मागे तुरुंग होता. आणि निकाल? गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात आजही नारळाचा रोस लावतात आणि तेव्हा ओव्या म्हणतात. साष्टी १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये मराठ्यांकडे गेली, त्यामुळे मुंबईकडच्या लोकांवरचा तो पहारा लवकर उठला. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं. ज्या गाडीत त्यांना पहिल्यांदा नवा करार मिळाला ती नागपूर-राजनांदगावची होती, हे आपल्या भागातल्या लोकांना माहीत असावं.

दुसरं कारण माझ्या घरातलं आहे, आणि खरं तर ते मी मैत्रिणीला सांगावं की नाही याचा दोन दिवस विचार केला.

आमचं घर बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आजोबा होते. भावाच्या लग्नात आत्याने हळदीचा हट्ट धरला: "एवढीशी हळद, त्यात काय देव आहे?" बाबांनी नाही म्हणजे नाही म्हटलं. बाबीस प्रतिज्ञा घेतल्या त्या याच्यासाठी नाहीत, म्हणाले. त्यांना हळदीत देव दिसत नव्हता. त्यांना दिसत होतं ते गाव, जिथे त्यांच्या वडिलांना लग्नाच्या मांडवापासून लांब बसवलं होतं. त्यांना मी जेनेटिक फॅलसी समजावून सांगणार आहे का? सांगून उपयोग नाही, कारण त्यांची चूक झालेलीच नाही. त्यांच्यासाठी त्या विधीचा उगम संपलेला नाही, तो अजून चालू आहे. आणि त्याच बाबांना धम्मदीक्षेचा दिवस दसऱ्याचा होता याने काही वाटत नाही, कारण त्यांच्यासाठी ती अशोक विजयादशमी आहे. तारीख उचलली, अर्थ आपला केला. हळदीबाबत तसं करायची त्यांची तयारी नाही. तर्काने बघितलं तर दोन्ही प्रकार सारखेच. माणसाने बघितलं तर नाहीत, आणि ठरवायचा अधिकार त्यांचा आहे, माझ्या आत्याचा नाही, माझाही नाही.

हे सांगितल्यावर मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामांना विहिरीत कोणता देव दिसतो ते विचारलंच नाही कोणी." तिने त्याच रात्री फोन लावला. विचारलं, "मामा, आजी पाणी आणते तेव्हा ती कोणाची पूजा करते असं तुम्हाला वाटतं?" मामा म्हणाले, कोणाची नाही. पण माझ्या गटातले लोक लग्नाला येणार आहेत, ते काय म्हणतील?

म्हणजे तीन आठवडे भांडण बॅबिलोनवरून चाललं होतं आणि अडचण ही होती.

सीनियरना मी काही बोलले नाही. तिनेच एकदा चहावर सांगितलं, "सर, तुमचं असेल हो, पण चारशे वर्षं पाणी आम्ही भरतोय." त्यांनी हसून विषय बदलला.

अर्ज तिने दिला, तिकीट तत्कालमध्ये मिळालं. जानेवारीत तिने विहिरीवरचा व्हिडिओ पाठवला. बँडचा आवाज फाटत होता, आजी सगळ्यात पुढे लाल लुगड्यात. मामा त्यात नाहीत. ते थेट दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये आले, असं तिने सांगितलं, आणि जेवणाच्या वेळी आजीच्या शेजारी बसले. पाण्याचा विषय कोणीच काढला नाही.